लॉर्ड हाउ काडीकिडा आणि सोनेरी सिंह टॅमरिन

नामशेष होण्याच्या सीमेवरून मागे फिरलेल्या दोन प्राणिजाती. पहिली ऑस्ट्रेलियातील कीटकाची, तर दुसरी ब्राझीलमधील, नरवानर गणातील छोट्या माकडाची. दोन्ही जाती प्राणिसंग्रहालयांतील पैदाशीच्या आधाराने सावरल्या; मात्र मूळ अधिवासात परतताना त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

लॉर्ड हाउ काडीकिडा (ड्रायोकोसेलस ऑस्ट्रॅलिस) सुमारे १५ सेंमी. लांबीचा, बिनपंखी व निशाचर असतो. १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ हे जहाज लॉर्ड हाउ बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून उतरलेल्या काळ्या उंदरांनी काही वर्षांतच तेथील सारे काडीकिडे संपवले. बेटापासून सुमारे २३ किमी. अंतरावर समुद्रातून उभ्या वर आलेल्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर २००१ मध्ये एकाच झुडपाच्या आश्रयाने जगणारे २४ किडे सापडले, ही कीटकशास्त्रातील एक विलक्षण घटना मानावी लागेल. २००३ मध्ये तेथून दोन जोड्या आणण्यात आल्या आणि मेलबर्न प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या जोडीपासून पुढे हजारो किडे निपजले. या जातीची मादी नराविनाही प्रजनन करू शकते. पिल्लाला अंड्यातून बाहेर पडल्यावर काहीच शिकावे लागत नाही. काडीकिड्याच्या परतीची खरी अडचण उंदीर हीच होती आणि ते नष्ट करण्याची मोठी मोहीम बेटावर २०१९ मध्ये हाती घेण्यात आली.

सोनेरी सिंह टॅमरिन (लिओन्टोपिथेकस रोझालिया) रिओ दी जानेरो राज्यातील किनारी अटलांटिक वनांत कुटुंबगटाने राहतो. जंगलतोड व पाळण्यासाठी होणारी पकड यांमुळे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वनात सुमारे २०० टॅमरिन उरले होते. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले टॅमरिन वनात सोडण्यात येऊ लागले, तेव्हा त्यांना लवचिक फांद्यांवरून नीट हिंडता येत नव्हते, झाडांच्या ढोलीत व पानांच्या बेचक्यांत दडलेले भक्ष्य शोधता येत नव्हते. सुरुवातीला त्यांतील बरेच दगावले. म्हणून सोडल्यानंतरही दीर्घकाळ त्यांना अन्न पुरवावे लागले. त्यांची वनात जन्मलेली पिल्ले मात्र तेथील जीवनात चांगली रुळली. २००३ मध्ये ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आली.

पुढे पीतज्वराच्या साथीत संख्या सुमारे ३,७०० वरून २,५०० पर्यंत घसरली. २०२३ च्या गणनेत ती सुमारे ४,८०० भरली. आता मुख्य प्रश्न तुकड्या-तुकड्यांत विभागलेल्या वनांचा आहे. ते तुकडे जोडण्यासाठी खासगी जमिनींवर वृक्षपट्टे लावले जात असून बीआर-१०१ महामार्गावर झाडे लावलेला वन्यजीव पूल उभारण्यात आला आहे.