सापळा कुठे मांडायचा? टॉवर डिफेन्सच्या खेळामागचं गणित

टॉवर डिफेन्स म्हणजे चालून येणाऱ्या शत्रूंना वाटेत मारा करणारे टॉवर उभारून रोखायचा व्हिडिओ गेम. तो पहिल्यांदाच खेळणारा माणूस बहुतेक वेळा पहिला टॉवर शत्रूच्या प्रवेशद्वाराला खेटून उभा करतो. शत्रू तिथूनच येणार, मग तिथेच गाठू, असा साधा हिशेब असतो. पण नकाशावरच्या सर्वांत वाईट जागांमध्ये ही जागा मोडते. ती वाईट का, हे कळायला दहावीची भूमिती पुरते.

समजा टॉवरची रेंज, म्हणजे मारा पोचण्याचं अंतर, नकाशावरची 3 घरं आहे. म्हणजे टॉवर केंद्रस्थानी धरून 3 घरं त्रिज्येचं एक वर्तुळ काढायचं. शत्रूची सरळ वाट टॉवरपासून 1 घर अंतरावरून जात असेल, तर त्या वाटेचा वर्तुळात सापडणारा तुकडा ही वर्तुळाची जीवा झाली. पायथागोरस लावला की तिची लांबी 2√(9−1), म्हणजे सुमारे 5.7 घरं येते. शत्रू सेकंदाला एक घर चालत असेल तर टॉवरला गोळीबारासाठी 5.7 सेकंद मिळतात. आता तोच टॉवर वाटेपासून 2.8 घरं दूर सरकवा. जीवा उरते जेमतेम 2.2 घरांची. पैसे तेवढेच, टॉवर तोच, पण काम चाळीस टक्क्यांहूनही कमी. प्रवेशद्वारापाशी तर निम्मं वर्तुळ नकाशाच्या बाहेरच पडतं. याउलट वाट टॉवरच्या एका बाजूने पुढे जाऊन, लांबवर वळून, दुसऱ्या बाजूने परत येत असेल तर एकाच टॉवरला दोन जीवा मिळतात, एकूण 11.3 घरं. टॉवर अपग्रेड करायला सोनं खर्चण्याआधी तो योग्य वळणात बसला आहे का, हे पाहणं म्हणूनच जास्त फायद्याचं.

या खेळांचा इतिहास फार जुना नाही. अटारीचा ‘रॅम्पार्ट’ 1990 चा. पुढे ‘वॉरक्राफ्ट 3’ साठी खेळाडूंनीच बनवलेल्या नकाशांतून हा प्रकार रुजला. 2007 मध्ये पॉल प्रीस यांचा ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ ब्राउझरवर आला, 2009 मध्ये ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ आणि 2011 मध्ये ‘किंगडम रश’. आपल्या दृष्टीने यात दोन घराणी महत्त्वाची. एकात वाट आधीच आखून दिलेली असते. दुसऱ्यात मैदान मोकळं असतं आणि टॉवर उभे करून वाट तुम्हीच घडवता. माझ्या मते खरं डोकं दुसऱ्या घराण्यात लागतं. पण सापळ्यांचं गणित दोन्हीकडे चालतं, म्हणून आधी ते पाहू.

शत्रूची चाल मंदावणारा सापळा, म्हणजे बर्फ, डांबर, चिखल, नाव काहीही असो, स्वतः कोणालाही मारत नाही. त्याची किंमत पूर्णपणे आजूबाजूच्या टॉवरवर ठरते. चाल निम्मी झाली की रेंजमधला मुक्काम दुप्पट होतो. त्यामुळे जास्तीत जास्त टॉवरांची वर्तुळं जिथे एकमेकांवर चढतात, तिथे हा सापळा मांडायचा, इतकं बहुतेक खेळाडूंना अनुभवाने कळतं. पण तो कोणत्या टॉवरसाठी मांडायचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे.

एका वेळी एकाच शत्रूवर नेम धरणारा टॉवर घेऊ. रेंज ओलांडायला शत्रूला 6 सेकंद लागतात. एकटा बॉस, म्हणजे एकच बलाढ्य शत्रू, चालून आला, तर सापळ्यामुळे 6 चे 12 सेकंद होतात आणि टॉवरचं काम दुप्पट होतं. आता बॉसऐवजी सलग 60 सेकंद चालणारी शत्रूंची रांग येऊ द्या. पहिला शत्रू रेंजमध्ये शिरल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत टॉवर सापळ्याविना 66 सेकंद गुंतलेला असतो, सापळ्यासह 72 सेकंद. फायदा फक्त 9 टक्के. कारण उघड आहे. हा टॉवर रिकामा बसतच नव्हता. त्याच्यापुढे उभी असलेली गर्दी वाढवून त्याच्या गोळ्या काही वाढत नाहीत.

पण ज्याचा गोळा फुटून आजूबाजूच्यांनाही जखमी करतो असा तोफेचा टॉवर असेल तर चित्र पालटतं. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती जण असतात, ते काढायला येण्याचा वेग आणि प्रत्येकाचा मुक्काम यांचा गुणाकार करायचा. सेकंदाला 2 शत्रू येतात आणि प्रत्येक जण 6 सेकंद थांबतो, तर आत 12 जण. सापळ्याने मुक्काम 12 सेकंदांचा केला की आत 24 जण. जागा तेवढीच, म्हणजे दाटी दुप्पट, म्हणजे एकाच गोळ्यात दुप्पट शत्रू सापडतात. लांबलचक रांगेवरही तोफेचा फायदा 9 नाही, जवळजवळ 100 टक्के. बर्फाचा सापळा तोफेच्या तोंडाशी आणि एकेकावर नेम धरणारे तिरंदाज मोकळ्या वाटेवर, ही मांडणी सवयीने चालत आली असली तरी तिला असा पक्का आधार आहे.

आता चोकपॉइंट, म्हणजे सगळ्यांना जिथून जावंच लागतं अशी अरुंद जागा. मराठी वाचकाला खिंड म्हटलं की 1660 ची घोडखिंड आणि बाजीप्रभू देशपांडे आठवणारच. मूठभर माणसं मोठ्या फौजेला रोखू शकतात त्यामागचं एक कारण फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1916 मध्ये समीकरणांत मांडलं. मोकळ्या मैदानात, जिथे प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येतो, तिथे बळ संख्येच्या वर्गाने मोजावं लागतं. दहापट फौज म्हणजे शंभरपट बळ. अरुंद जागेत एकास एक झुंज होते, तिथे दहापट फौज दहापटच भरते आणि माणसाचं कसब तो फरक कापू शकतं. ‘किंगडम रश’मधल्या बरॅकचे, म्हणजे सैनिक पुरवणाऱ्या टॉवरचे, तीन सैनिक वाट अडवतात तेव्हा हेच घडतं. एक सैनिक एका शत्रूला गुंतवतो, अडवलेले शत्रू तिथेच खिळून राहतात, त्यांच्यावर तोफ.

मात्र चोकपॉइंट नजरेला दिसतो तिथेच असतो असं नाही. दोन प्रवेशद्वारं, चार फाटे, मध्ये तलाव असा नकाशा असेल तर नाकेबंदी कुठे करायची? या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं ते एका अत्यंत गंभीर कामासाठी. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या रँड या संरक्षणविषयक संशोधन संस्थेत टी. ई. हॅरिस आणि निवृत्त जनरल एफ. एस. रॉस यांनी सोव्हिएत संघातून पूर्व युरोपात जाणाऱ्या रेल्वेचं जाळं 44 बिंदू आणि 105 जोडरेषांत मांडलं आणि सर्वांत कमी क्षमतेचे मार्ग तोडून संपूर्ण वाहतूक कशी थांबेल, हे शोधलं. तोडायच्या त्या मार्गांची एकूण क्षमता 1,63,000 टनांची निघाली. 1955 चा हा अहवाल 1999 पर्यंत गोपनीय होता. हॅरिस यांनी हाच प्रश्न लेस्टर फोर्ड आणि डी. आर. फुलकर्सन यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेलं प्रमेय सांगतं की जाळ्यातून वाहू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह आणि जाळं दुभंगणारा कमीत कमी क्षमतेचा छेद हे दोन्ही आकडे नेहमी सारखेच असतात.

नागपूरकराला हे प्रमेय कळायला रशियापर्यंत जायची गरज नाही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग इथे भेटतात आणि रूळ शहराला चिरत जातात. एका अंगाला महाल, इतवारी, गांधीबाग, दुसऱ्या अंगाला सीताबर्डी, धरमपेठ, सिव्हिल लाइन्स. दोन्हीकडे गल्ल्या आणि रस्ते असंख्य आहेत, पण रूळ ओलांडायचे तर रामझुला, लोहापूल, अजनीचा पूल अशी मोजकीच ठिकाणं. संध्याकाळी पूर्व नागपूरकडे तासाला किती वाहनं पोचू शकतील, याची कमाल मर्यादा या ठिकाणांच्या क्षमतेची बेरीजच ठरवते. धरमपेठेतला रस्ता दुप्पट रुंद केला तरी ती बेरीज हलत नाही. यातला एखादा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला की उरलेल्यांवर ताण का येतो, हेही त्यातच आलं. टॉवर डिफेन्सचा खेळाडू हाच नकाशा उलट्या हेतूने वाचतो. त्याने सापळे गल्ल्यांत विखरायचे नाहीत, या मोजक्या घरांवर मांडायचे.

चौकटींच्या नकाशावर एक बारकावा ध्यानात ठेवावा. शत्रू फक्त आडवे-उभे चालत असतील तर तिरप्या, कोपऱ्याला कोपरा लागलेल्या भिंतीनेही वाट बंद होते. ते तिरपे चालू शकत असतील तर भिंतीच्या घरांना कडेला कडा लागलीच पाहिजे, नाहीतर शत्रू कोपऱ्यातून निसटतो.

मोकळ्या मैदानाच्या खेळात शत्रू तुमची मांडणी पाहून वाट बदलतो. हे चालतं कसं? शेकडो शत्रूंसाठी शेकडो वाटा शोधत बसण्यापेक्षा संगणक बाहेर पडायच्या दारापासून उलटी मोजणी करतो. दाराचं घर 0, शेजारची 1, त्यांच्या शेजारची 2. शत्रूने प्रत्येक पावलाला फक्त लहान आकड्याच्या घरात जायचं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची सर्वांत जवळची वाट शोधायची 1959 ची पद्धत आणि तिची भावंडं या कामाला येतात. तुम्ही टॉवर ठेवला की आकडे नव्याने मांडले जातात, आणि प्रवेशद्वाराच्या घराला आकडाच मिळाला नाही तर वाट पूर्ण बंद झाली म्हणून खेळ तो टॉवर नाकारतो. जमिनीवर पसरलेला सापळा मात्र सहसा वाट अडवत नाही, त्यामुळे आकडे बदलत नाहीत आणि शत्रू सरळ त्यावर पाय ठेवतो. टॉवरने वाट वळवायची आणि त्या वळवलेल्या वाटेवर सापळे अंथरायचे, ही कामाची वाटणी इथून आली.

या शत्रूला आठवण नसते, तो फक्त आत्ताचे आकडे वाचतो. हे ओळखून अनुभवी खेळाडू दोन टोकांना दोन फटी ठेवतात. शत्रूंची रांग एका फटीशी पोचली की दुसरी फट उघडायची आणि ही टॉवरने बुजवायची. अख्खी रांग मागे फिरते. काही खेळांत हल्ला चालू असताना टॉवर विकायला बंदी असते, ती यासाठीच.

नाकेबंदीची जागा शोधणं संगणकाला सोपं आहे, नकाशा मोठा असला तरी. पण ठरावीक भिंती देऊन शत्रूची सर्वांत जवळची वाट जास्तीत जास्त लांबव, असं सांगितलं तर हा प्रश्न एनपी-हार्ड वर्गात जातो, म्हणजे कोणत्याही नकाशावर झटपट अचूक उत्तर देणारी रीत कोणालाही सापडलेली नाही. टॉवरांनी वाटेचा जास्तीत जास्त भाग रेंजमध्ये घ्यायचा, हा प्रश्नही तितकाच अवघड. तिथे मात्र एक दिलासा आहे. दर वेळी सर्वांत जास्त नवा भाग व्यापणारी जागा निवडत गेलं, तर सर्वोत्तम मांडणीच्या किमान 63 टक्के व्याप्ती मिळतेच, असं 1978 मध्ये नेमहाउजर, वुल्सी आणि फिशर यांनी सिद्ध केलं. हावरट रीत इतकी खात्रीची असेल असं सहसा वाटत नाही.

नागपूरहून सिवनीकडे निघालं की पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर चोकपॉइंटचा प्रश्न खऱ्या जनावरांसाठी सोडवलेला दिसतो. तिथे वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ मार्ग ठेवले आहेत. संशोधकांनी तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले आणि त्यांत वाघही टिपले गेले. छायाचित्रासाठी चोकपॉइंट उत्तमच. पण चितळासाठी अरुंद भुयार म्हणजे वाघाने दबा धरायला आयती जागा होऊ शकते, ही शंका वन्यजीव अभ्यासक जगभर तपासत आले आहेत. त्यामुळे इथे गणित उलटं फिरवावं लागतं. जाण्यायेण्याच्या जागा एकापेक्षा जास्त ठेवायच्या आणि त्या रुंद करायच्या. पेंचमधला सर्वांत रुंद मार्ग 750 मीटरचा आहे.