धूर म्हणजे वाया गेलेली ऊब

एक मेणबत्ती पेटवा, दोन मिनिटं जळू द्या आणि फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर चढू लागेल. आता पेटती काडी वातीपासून बोटभर उंचीवर, त्या रेघेत धरा. ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला लागलेलीसुद्धा नसते. पेटला तो धूर. तो धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं मेण.

लाकडाच्या धुराचंही तसंच आहे. धुराड्यातून निळसर-करडा धूर निघताना दिसला की समजावं, पैसे मोजून आणलेलं किंवा घाम गाळून फोडलेलं जळण न जळताच आभाळात चाललं आहे. घर ऊबदार ठेवायचं आणि हवा स्वच्छ ठेवायची, ही दोन वेगळी कामं वाटतात. बंद दाराच्या, धुराडं जोडलेल्या लोखंडी शेगडीत ती जवळजवळ एकच आहेत.

लाकूड जळतं, असं आपण म्हणतो खरं, पण ओंडक्याचा मोठा भाग लाकूड म्हणून जळतच नाही. आधी त्याचा वायू होतो आणि मग तो वायू जळतो. शेगडीच्या काचेतून निरखून पाहिलं तर ज्वाळा ओंडक्याला चिकटलेल्या नसतात. मधे थोडी मोकळी जागा दिसते. तिथे वायू आहे, पण त्याला पुरेशी हवा अजून भेटलेली नाही. ओंडका तापला की आधी त्यातलं पाणी निघतं. साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकडाचे लांबलचक रेणू तुटायला लागतात आणि त्यातून शेकडो प्रकारचे वायू, आम्लं नि डांबरी वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाचं सुमारे ८० टक्के वजन असं उडून जातं आणि मागे कोळसा उरतो. एकूण उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा या उडून जाणाऱ्या मालाचा असतो. म्हणजे निखारे कितीही लालबुंद दिसले तरी खरी कमाई वरच्या वायूत आहे.

हा वायू पुरता जळायला साधारण ६०० अंशांच्या वर ताप लागतो, पुरेशी हवा लागते आणि दोघांची नीट घुसळण व्हायला क्षणभर वेळ लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू अर्धवट जळतो. मग त्याचे थेंब आणि काजळीचे कण होतात, त्यालाच आपण धूर म्हणतो.

ताप मारणारा सगळ्यात मोठा चोर म्हणजे पाणी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. जळतं, पण सुक्याच्या जिवावर. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात अनेकदा निम्मं पाणीच असतं. असं ५ किलो लाकूड शेगडीत घातलं, तर त्यातलं अडीच लिटर पाणी आधी उकळून पार आटवावं लागणार. हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. एवढ्या पाण्याची वाफ करायला साधारण साडेसहा मेगाज्यूल उष्णता लागते आणि उरलेल्या अडीच किलो कोरड्या लाकडात असते ४५ मेगाज्यूलच्या आसपास. म्हणजे थेट चोरी फक्त सातव्या हिश्श्याची! मग ओल्या लाकडाला एवढी नावं का ठेवायची? कारण पाणी नुसती उष्णता नेत नाही, ते आगीचा पारा खाली आणतं. जाळ ६०० अंशांच्या खाली घसरला की वायू पेटायचं थांबतात आणि निम्मं-शिम्मं इंधन धुराड्यातून निघून जातं. खरा दरोडा तिथे पडतो.

म्हणून चांगली शेगडी घेण्याच्या आधी चांगलं जळण. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली यायला हवं आणि त्यासाठी फोडलेल्या लाकडालाही बहुधा एक-दोन वर्षं लागतात. ‘फोडलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. झाड जिवंत असताना पाणी खालून वर नेणाऱ्या त्याच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ओल कापलेल्या टोकांतून भराभर निघते, बाजूंनी फार हळू निघते आणि सालीतून जवळपास निघतच नाही. अख्खा गोल ओंडका वर्षानुवर्षं पडून राहिला तरी आतून ओला असू शकतो. तोच आखूड कापून, चार फाका करून, जमिनीपासून थोडा उचलून, वर छप्पर आणि बाजूंना मोकळा वारा अशी रास लावली की काम होतं. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळणं म्हणजे लाकडाला त्याच्याच घामात भिजवणं.

सुकलं की नाही हे कसं ओळखायचं? दोन फाका एकमेकींवर आपटा. सुक्या फाका टणकन वाजतात, ओल्या बद्द करतात. सुक्या फाकांच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सुटत आलेली असते. ओलावा मोजायचं छोटं यंत्रही मिळतं, पण त्याचे काटे बाहेरच्या पृष्ठभागावर टोचून उपयोग नाही. फाक पुन्हा फोडायची आणि आतल्या ताज्या भागावर मोजायचं. आणि शेगडीत घातल्यावर टोकातून फेस येऊन चर्रर्र आवाज यायला लागला, तर लाकूड ओलं आहे हे कळायला कुठलंच यंत्र नको. कोणत्या झाडाचं लाकूड, यावर लोक तावातावाने वाद घालतात. पण किलोला किलो तोलून पाहिलं, तर सारखीच सुकलेली जवळपास सगळी लाकडं सारखीच उष्णता देतात. फरक घनतेचा. जड लाकूड थोड्या जागेत जास्त मावतं आणि सावकाश जळतं, हलकं पटकन भडकतं.

आता हवेकडे येऊ. एक किलो सुकं लाकूड पुरतं जळायला कागदावर सुमारे ६ किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट-दुप्पट लागते. या हवेचे दोन मार्ग असतात. एक खालून, निखाऱ्यांकडे. दुसरा जास्त हुशारीचा. ही हवा शेगडीच्या गरम भिंतींमागून फिरवून, तापवून, वरच्या छोट्या भोकांतून थेट वायूत सोडतात. आधुनिक शेगडी रंगात आली की या भोकांपाशी गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा लवलवताना दिसतात, जणू आग छतालाच लागली आहे. खाली जळायचा राहिलेला धूर तिथे जळतो. आतून लावलेल्या विटाही यासाठीच असतात. त्या उष्णता थोपवून धरतात आणि आगीची खोली तापलेली राहते. काही शेगड्यांमध्ये मोटारीच्या धुरकांड्यात असतो तसा उत्प्रेरक बसवतात. त्याच्यामुळे धूर ३०० अंशांच्या आसपासही जळू शकतो, पण तो रंगवलेल्या लाकडाने किंवा कचऱ्याने लवकर खराब होतो. अर्थात रंगवलेलं, औषध मारलेलं किंवा प्लायवुडचं लाकूड कुठल्याच शेगडीत घालू नये. त्यातले विषारी घटक आगीत नाहीसे होत नाहीत, काही तर राखेत आणि हवेत उतरतात.

उघड्या चुलाण्यात, म्हणजे भिंतीतल्या तोंड उघड्या आगीत, लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा खोलीला मिळतो. बाकीची धुराड्याने जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. आगीसमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते ती त्यामुळे. बंद दाराच्या चांगल्या शेगडीत हेच प्रमाण ७० ते ८० टक्क्यांवर जातं.

पण इथे एक पेच आहे. धुरातली उष्णता सगळीच्या सगळी खोलीत घेता येत नाही. धुराडं चालतं ते हलक्या हवेवर. ३०० अंशांची हवा खोलीतल्या हवेच्या निम्म्याच वजनाची असते, म्हणून ती वर धावते आणि मागून ताजी हवा शेगडीत ओढली जाते. धूर फार थंड केला तर ही ओढच संपते. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या माणसाला याचा फटका बसला. १७४० च्या दशकात त्याने लोखंडी शेगडी बनवली. गरम धूर एका पोकळ पेटीभोवतून खाली उतरवायचा आणि जमिनीखालून धुराड्यात न्यायचा, अशी तिची रचना होती. उष्णता काढून घ्यायची कल्पना अफलातून, पण वर जाऊ पाहणाऱ्या धुराला खाली उतरायला लावायचं म्हणजे धुराडं सतत तापलेलं हवं. ते जरा निवलं की धूर खोलीत. पुढे लोकांनी तो खालचा वळसा काढून टाकला आणि मग शेगडी खपू लागली.

थंड धुराचा दुसरा तोटा चोरपावलांनी येतो. सुमारे १२० अंशांच्या खाली डांबरी वाफा धुराड्याच्या आतल्या अंगाला चिकटून घट्ट होतात. आधी काळा चिकट लेप, मग काचेसारखा चकचकीत थर. तो एक दिवस पेटला तर धुराड्यातच १००० अंशांच्या वर आग भडकते. वर्षातून एकदा धुराडं झाडून घेणं म्हणूनच टाळायचं नाही.

आता सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात वाईट सवय. रात्री झोपताना शेगडीत गच्च ओंडके भरायचे, हवेची झडप जवळपास बंद करायची आणि सकाळपर्यंत धुमसत ठेवायचं. काटकसर वाटते, पण रात्रभर आत ताप नाही आणि हवाही नाही, त्यामुळे लाकडातला वायू जवळजवळ तसाच निघून जातो. सकाळी काच काळीकुट्ट, धुराड्यात लेप आणि बाहेर गल्लीभर वास. माझं मत स्पष्ट आहे: थोडं लाकूड, ढणाढणा जाळ आणि मग विझू देणं हेच बरं. म्हणून शेगडीही घराला पुरेल एवढीच घ्यावी. मोठी घेऊन कायम गळा आवळून चालवण्यापेक्षा छोटी मोकळ्या श्वासाने जळलेली चांगली.

मग रात्रीची ऊब कुठून आणायची? याचं जुनं उत्तर आहे: आग साठवायची नाही, उष्णता साठवायची. स्वीडनमध्ये जळणाचा तुटवडा पडला तेव्हा १७६७ साली कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी विटांच्या जड शेगडीची नवी रचना मांडली. आतला धूर लगेच वर न जाता नागमोडी वाटांनी खालीवर फिरतो आणि शेकडो किलो विटांना आपली उष्णता देऊन मगच बाहेर पडतो. आग तासभर, पण पूर्ण जोरात. मग दारं-झडपा बंद, आणि विटा पुढचा अर्धा दिवस हळूहळू ऊब सोडत राहतात. फ्रँकलिनला जिथे ठेच लागली त्याच कल्पनेला इथे यश आलं, कारण आग मोठी आणि धुराडं आधीच तापलेलं.

झडप बंद करायची, पण कधी? निखारे पूर्ण काळवंडल्यावरच. निखाऱ्यांवर कधी कधी निळ्या ज्योतींची नाजूक झालर नाचताना दिसते, ती कार्बन मोनॉक्साइड जळत असल्याची खूण. ज्वाळा संपल्या आणि धूर दिसेनासा झाला तरी हा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शेगडी असलेल्या घरात त्याची सूचना देणारा भोंगा हवाच. स्वयंपाकघरातला, हवा बाहेर फेकणारा जोरदार पंखाही नजरेत ठेवावा. घर घट्ट बंद असेल तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढू लागतो.

पेटवण्याची पद्धत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती साफ उलटी वाटली होती. जाड फाका खाली, त्यांवर बारीक, त्यांवर काटक्या आणि सगळ्यात वर काडी लावायची. आग मेणबत्तीसारखी वरून खाली उतरते. खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतूनच जातो, म्हणून जळून जातो. खालून पेटवलं की उलट होतं. वरचं थंड लाकूड नुसतं भाजून धूर सोडतं आणि त्याला पेटवायला वर काहीच नसतं. सुरुवातीला हवा पूर्ण उघडी ठेवायची आणि फाका नीट पेटल्यावर हळूहळू कमी करायची. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन धुराड्याकडे एकदा बघून यावं. वर नुसती हवा थरथरताना दिसली तर सगळं ठीक. थंडीत थोडी पांढरी वाफ दिसते आणि लगेच विरते, तेही चालेल. लांबवर तरंगत जाणारा निळसर धूर दिसला तर आत परत जाऊन झडप उघडावी.

एवढं करूनही लाकडाची आग गॅसइतकी स्वच्छ होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २०२० पासून नव्या शेगड्यांना ताशी साधारण २ ग्रॅम कणांची मर्यादा आहे. पण ती चाचणी प्रयोगशाळेतली, जिथे लाकूड सुकं असतं आणि पेटवणारा निष्णात. आपल्या हातातली शेगडी त्याहून घाणच करणार. या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या भागाहून लहान असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. दाट वस्तीच्या दरीत, वारा पडलेल्या रात्री शंभर घरांनी शेगड्या पेटवल्या, तर प्रत्येकाची शेगडी कितीही गुणी असली तरी हवा बिघडणार. अशा रात्री अंगावर आणखी एक पांघरूण घ्यावं, हे उत्तम. आणि ज्या घराच्या खिडक्या-छपरातून ऊब गळते, तिथे शेगडी बदलण्याआधी फटी बुजवाव्यात.

सुक्या लाकडातून शेवटी उरते ती जेमतेम एक टक्का राख. सगळी रोज काढू नये, बोटभर थर खाली राहिला तर निखारे चांगले धरतात. काढाल ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी फरशीपासून दूर. वरून गार लागणाऱ्या राखेत दोन-तीन दिवसांनीही विस्तव जिवंत सापडतो. हात घालून बघू नका.