वैयक्तिक दिवाळखोरी (नाशिक जिल्हा)

देणी फेडण्याची ऐपत उरली नाही की माणसाची मालमत्ता न्यायालयामार्फत धनकोंमध्ये (ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांच्यात) वाटायची आणि अखेरीस त्याला उरलेल्या कर्जातून मोकळे करायचे, या प्रक्रियेला वैयक्तिक दिवाळखोरी किंवा नादारी म्हणतात. कर्जमाफी सरकार देते, एकरकमी परतफेडीचा सौदा बँक करते. नादारीला न्यायालयाचा आदेश लागतो.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने जुने सगळे मोडीत काढले, असा समज सर्रास आढळतो. संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना, म्हणजे कंपनीच्या कर्जाला स्वतः हमी देणाऱ्यांना, लागू झाला. नाशिकसारख्या जिल्ह्यात बाकीच्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो. त्यामुळे निफाडचा द्राक्षबागायतदार असो की पंचवटीतला दुकानदार, अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. अर्जासाठी किमान देणे ५०० रुपये. आज एवढ्यात स्कूटरची टाकी जेमतेम भरते, पण हा आकडा कोणी बदललेला नाही.

अर्ज ऋणको (कर्जदार) स्वतः करू शकतो किंवा धनको. ऋणकोने सगळ्या धनकोंची नावे-पत्ते, देण्यांच्या रकमा आणि मालमत्तेचा तपशील द्यायचा असतो. त्यात नातेवाइकांकडून घेतलेले हातउसनेही आले. अर्जाआधीच्या दोन वर्षांत जमीन मेहुण्याच्या नावावर फुकट करून दिली असेल, तर तो व्यवहार रद्द ठरू शकतो. आदेश झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळणाऱ्याकडे) जाते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोला नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मात्र वेगळे मागावे लागते.

खरी गुंतागुंत तारणाची. समजा बागायतदाराच्या डोक्यावर ट्रॅक्टरचे कर्ज, जमीन गहाण ठेवून बँकेकडून घेतलेले कर्ज, पतसंस्थेचे विनातारण कर्ज आणि औषधांच्या दुकानाची उधारी आहे. ट्रॅक्टर आणि गहाण जमीन यांवरचा तारणधारकाचा हक्क नादारीने जात नाही. तारणधारक आपल्या मार्गाने वसुली करतो. थोपवली जाते ती उधारीची आणि विनातारण कर्जाची वसुली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारे, शेतकऱ्याचे राहते घर (गहाण नसेल तर) आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्र वाचते ते या तरतुदीमुळे.

जामीनदार मात्र सुटत नाही. ऋणको मुक्त झाला तरी त्याच्यासाठी सही करणाऱ्याची जबाबदारी कायम राहते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, त्यात बहुतेकदा जामीनदाराचेही नाव असते. गावाकडे भाऊबंदकीची बरीच भांडणे या सहीवरूनच पेटतात. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले कर्ज आणि पोटगी यांतूनही नादार सुटत नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटला वेगळाच. मुक्त न झालेल्या नादाराला आमदारकी-खासदारकीही वर्ज्य आहे.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजकाची वाट निराळी. त्याने आपल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेली असते. कंपनी बुडाली की त्याचे प्रकरण २०१६ च्या संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाते. अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती लागू होते, म्हणजे वसुली तात्पुरती थांबते. मग ठराव व्यावसायिक (कर्जाचा तोडगा काढण्यासाठी नेमलेला तज्ज्ञ) अहवाल देतो, अर्ज स्वीकारला गेला तर परतफेडीचा आराखडा बनतो, आणि त्याला मूल्याने तीन-चतुर्थांशांहून अधिक धनकोंची मते लागतात. आराखडा फसला तर दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. दिवाळखोरीच्या आदेशानंतर एक वर्ष उलटले की दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताने मुक्ततेसाठी अर्ज करायचा असतो. १९२० च्या कायद्यात हा अर्ज नादाराने स्वतः, न्यायालयाने नेमून दिलेल्या मुदतीत करायचा. नाही केला तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनकोंना पुन्हा रान मोकळे मिळते.