सिद्धता-अध्यापन (शिक्षक-प्रशिक्षणातील)

सिद्धता-अध्यापन : गणितातील एखादे विधान का खरे आहे, हे वर्गात तर्काने उलगडून दाखवण्याची व विद्यार्थ्यांकडून उलगडून घेण्याची शिक्षकाची क्षमता. माध्यमिक शाळांसाठी ती बी. एड्.च्या गणित-अध्यापन पद्धतीतून घडवली जाते. हा अभ्यासक्रम २०१५ मध्ये दोन वर्षांचा झाला.

या विषयाचा एक जुना धागा कोकणच्या किनाऱ्याशी जुळतो. ज्योतिषी व गणिती गणेश दैवज्ञ (जन्म सुमारे १५०७) यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका शके १४६७ च्या सुमारास (इ. स. १५४५) लिहिली. त्यांचे गाव नंदिग्राम नेमके कोणते, याबद्दल मतभेद आहेत. मूळचे दापोलीजवळील मुरूडचे व पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेले भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित हे ते गाव जंजिऱ्याजवळचे नांदगाव ठरवतात. काही पाश्चात्त्य अभ्यासक गुजरातेतील नांदोद सुचवतात. नांदोद समुद्रापासून बरेच आत आहे, आणि या घराण्याचा संबंध पश्चिम किनाऱ्याशी जोडला जातो. त्यामुळे दीक्षितांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपपत्तीवाचून (सिद्धतेवाचून) व्यक्त (अंकगणित) वा अव्यक्त (बीजगणित) गणितातले काहीही निःशंक होत नाही आणि गणकांच्या सभेत मान मिळत नाही, असे गणेश म्हणतात. उपपत्ती त्यांना तळहातावरच्या आरशासारखी स्वच्छ दिसते. भुजा-कोटी-कर्ण न्यायाच्या (पायथागोरसच्या प्रमेयाच्या) त्यांनी दोन उपपत्ती दिल्या आहेत. पहिलीत भुजा ३, कोटी ४ व कर्ण ‘या’ (यावत्, म्हणजे अज्ञात राशी) धरून कर्णावर लंब टाकला आहे. कर्णाचे दोन तुकडे ९/या व १६/या येतात; त्यांची बेरीज ‘या’ असल्याने ‘या’चा वर्ग २५. दुसरीत तेच चार त्रिकोण मधल्या १ एकक बाजूच्या चौरसाभोवती मांडले आहेत; प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६, म्हणून कर्णावरच्या चौरसाचे ४ × ६ + १ = २५. येथे ३ व ४ हे केवळ उदाहरण की सर्व काटकोन त्रिकोणांचे प्रतिनिधी? युक्लिडची मांडणी प्रमाण मानणाऱ्यांनी अशा युक्तिवादाला सिद्धता म्हणण्यास आढेवेढे घेतले. फ्रेंच अभ्यासक निकोला बालाशेफ यांनी विद्यार्थ्यांच्या समर्थनांचे प्रकार पाडताना ‘प्रातिनिधिक उदाहरण’ हा वेगळा प्रकार मानला. संख्या बदलली तरी युक्तिवादाची एकही पायरी बदलत नसेल, तर ते उदाहरण सर्वांच्या वतीने बोलते. गणेशांच्या उपपत्तीला हे वर्णन चपखल बसते. याउलट न² + न + ४१ या राशीत ० ते ३९ पर्यंतच्या प्रत्येक किमतीला मूळ संख्या मिळते आणि ४० ला १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग येतो. चाळीस उदाहरणे येथे काहीच सिद्ध करत नाहीत. हा फरक छात्राध्यापकाने स्वतः अनुभवला नाही, तर कोन मोजून किंवा कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून जुळवणे हीच सिद्धता, असे तो वर्गात सांगतो.

छात्राध्यापक बहुधा पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा साचा आणि दहावीच्या ‘कृती पूर्ण करा’मधील चौकटी भरण्याची सवय घेऊन येतो. सराव पाठात प्रमाणाचे मूलभूत प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते) घेताना तो फळ्यावर त्रिकोण एबीसीत बीसीला समांतर पीक्यू काढून रेख पीसी व रेख बीक्यू जोडतो. मागच्या बाकावरून ‘सर, हे रेख का काढले?’ असे विचारले की पाठ टाचणात उत्तर नसते. उत्तर क्षेत्रफळात आहे : बाजूंचे गुणोत्तर समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांत बदलता येते, आणि पीक्यू या एकाच पायावर समांतर रेषांमध्ये उभे असलेले दोन त्रिकोण समक्षेत्र असतात. हे आधी बोलून घेतले तर रचना मुलेच सुचवतात. म्हणून मार्गदर्शकाने टाचण तपासताना प्रत्येक रचनेपुढे ‘कशासाठी?’ हा स्तंभ मागावा, असे प्रस्तुत लेखकास आग्रहाने वाटते. व्यत्यास (पक्ष व साध्य यांची अदलाबदल) व प्रत्युदाहरण (विधान खोटे ठरवणारे उदाहरण) यांचाही असाच सराव लागतो. अप्रत्यक्ष सिद्धतेला (उलट विधान गृहीत धरून विसंगती दाखवण्याला) मात्र सराव पाठांच्या धावपळीत क्वचितच वेळ मिळतो.