राजकीय हत्यास्थळांची संग्रहालये

एखाद्या नेत्याची हत्या जिथे झाली ती खोली, वाट किंवा इमारत जपून लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवलेली स्थळे. जन्मस्थळ किंवा समाधी दाखवणे त्यामानाने सोपे. इथे आधीच ठरवावे लागते, की पाहणाऱ्याला उभे करायचे कुठे: मेलेल्याच्या जागी की मारणाऱ्याच्या?

दिल्लीतील गांधी स्मृतीने (पूर्वीचे बिर्ला हाउस) हे पावलांनी ठरवले. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजी आपल्या खोलीतून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले, त्या वाटेवर सिमेंटची पावले बसवली आहेत. माणूस त्यांच्या कडेकडेने चालत जातो आणि ती संपतात तिथे आपसूक थांबतो. सरकारने ही वास्तू १९७१ मध्ये घेतली; १५ ऑगस्ट १९७३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. रक्ताचे डाग पडलेले वस्त्र मात्र इथे नाही, ते मदुराईच्या गांधी संग्रहालयात आहे.

बोस्नियातल्या सारायेव्होतही पावले होती, पण मारेकऱ्याची. लॅटिन पुलाजवळच्या कोपऱ्यावर २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. युगोस्लाव्हियाच्या लेखी प्रिन्सिप वीर होता, म्हणून त्याची पावले फुटपाथवर उमटवली गेली. १९९० च्या दशकातील युद्धात ती गेली. आताची पाटी त्याचे नाव सांगते, पण त्याला वीर म्हणत नाही की खुनी. युवराजाची मोटार आणि रक्ताळलेला अंगरखा व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहेत.

डॅलसमध्ये केनेडींवर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी गोळ्या जिथून सुटल्या असे मानतात, तो पुस्तकांच्या गोदामाचा सहावा मजला १९८९ पासून संग्रहालय आहे. पुस्तकांच्या खोक्यांचा तो कोपरा काचेआड ठेवला आहे. खिडकीशी जाता येत नाही. शेजारच्या खिडकीतून मात्र खालचा रस्ता दिसतो, आणि बरेचजण तिथूनच मनातल्या मनात अंतर मोजतात. मेम्फिसमध्ये उलटा क्रम दिसतो. तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांची लॉरेन मोटेलमधील ३०६ क्रमांकाची खोली आणि बाल्कनीवरचे पुष्पचक्र आधी (१९९१), समोरची, गोळी सुटली ती इमारत नंतर (२००२). वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये नाटके अजून होतात, लिंकन बसले होते तो बॉक्स तेवढा रिकामा असतो. तळघरात त्यांचा मारेकरी बूथ याचे पिस्तूल मांडले आहे. तळहाताएवढे ते हत्यार पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

राजवट बदलली की अशा जागांचे काय होते, ते ढाक्यात दिसले. धानमंडीतील ३२ क्रमांकाच्या घरात १५ ऑगस्ट १९७५ रोजी बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. ज्या जिन्यावर ते पडले, तो १९९४ पासून संग्रहालयाचा भाग होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या कन्या शेख हसीना यांची सत्ता गेली तेव्हा जमावाने घराला आग लावली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाडले.