मरण एक, वह्या अनेक

जिल्ह्याच्या पानावर रोज एक तरी चार ओळींची बातमी असते आणि तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘या प्रकरणी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे.’ ते वाचून आपण पान उलटतो. मला मात्र बरीच वर्षं त्या ‘नोंद’ या शब्दाचं कुतूहल होतं. ती करतो कोण, आणि पुढे तिचं होतं काय? देशात दरवर्षी किती माणसं स्वतःचा जीव घेतात, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न. पण त्याचं दरसालचं सरकारी उत्तर आरोग्य खात्याकडे नसतं. ते गृह खात्याकडे असतं, खून-दरोड्यांच्या शेजारी.

आता त्या नोंदीच्या मागे मागे जाऊ. रुग्णालयातून ठाण्याला कळवलं जातं, किंवा गावचा पोलीस पाटील खबर देतो. ठाणे अंमलदार रजिस्टरला अकस्मात मृत्यूचा नंबर टाकतो. हवालदार जागेवर जातो, दोन पंच उभे करतो आणि पंचनामा लिहायला घेतो : दाराची कडी आतून होती की बाहेरून, अंगावर कपडे कोणते, खोलीत आणखी काय होतं. मग शवविच्छेदन. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला तर त्याचा अहवाल यायला महिने लागतात. हे सगळं पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. कागद कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातात. आकडा मात्र वेगळ्या वाटेनं वर चढतो : ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्याला सीआयडीकडे, तिथून दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागात, म्हणजे एनसीआरबीत. हा विभाग १९८६ चा. अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल त्याच्याही आधीपासून, १९६७ पासून निघतो.

या वाटेवरचा सगळ्यात नाजूक रकाना ‘कारण’ हा. घरात रडारड चालू आहे, जो तो वेगळं सांगतोय, आणि हवालदाराला एकाच खान्यात खूण करायची आहे. नापिकी, सावकाराचा तगादा, दारू, बायकोशी भांडण हे सगळं एकाच घरात एकाच आठवड्यात घडलं असेल, तर खूण कुठे करणार? २०२२ च्या अहवालात ३१.७ टक्के आत्महत्या ‘कौटुंबिक समस्या’ या कारणाखाली आहेत आणि १८.४ टक्के ‘आजारपण’ याखाली. म्हणजे निम्मी मरणं दोन खान्यांत. आपल्या घरी जुन्या चाव्या, सेल, सुतळीचे तुकडे टाकायला एक डबा असतो ना, ‘कौटुंबिक समस्या’ हा मला तसा डबा वाटतो.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे : घरचे मुळात आत्महत्या असं सांगतील का? आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार बोथट केली. नव्या न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, ते कलम आलंच नाही. त्याआधीची दीडेकशे वर्षं पोलीस दारात आले की लोक म्हणायचे, ‘पाय घसरला’, ‘पोटात दुखत होतं’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि मरणारी सून असेल, तर चौकशी स्वतः दंडाधिकारी करतात. मग सासरची मंडळी काय सांगणार, आणि कधी कधी अब्रूच्या भीतीनं माहेरचीही काय सांगणार, ते उघड आहे.

ही गळती किती, हे कळायचं कसं? त्याच मरणांची मोजणी ठाण्यात पाऊल न टाकता दुसऱ्या कुणीतरी करायला हवी. तशी एकदा झाली आहे.

भारताच्या महानिबंधकांकडे, म्हणजे जनगणना करणाऱ्या कार्यालयाकडे, नमुना नोंदणीची एक जुनी व्यवस्था आहे. देशभरातली काही हजार छोटी क्षेत्रं निवडायची आणि तिथला प्रत्येक जन्म-मृत्यू टिपायचा. टोरांटोचे साथरोगतज्ज्ञ प्रभात झा आणि महानिबंधक कार्यालय यांनी याच व्यवस्थेवर ‘मिलियन डेथ स्टडी’ उभी केली. तिची पद्धत साधी आहे आणि मला ती फार आवडते. प्रशिक्षित कार्यकर्ता, जो डॉक्टरही नाही आणि पोलीसही नाही, मृत्यू झालेल्या घरी जातो, ओसरीवर बसतो आणि विचारतो. ताप होता का? किती दिवस? श्वास लागायचा? आदल्या दिवशी जेवले होते? मग घरच्यांना त्यांच्या शब्दांत सगळं सांगू देतो आणि त्यांच्याच भाषेत अर्धा-एक पान लिहून घेतो. ते पान दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि प्रत्येक जण मृत्यूचं कारण ठरवतो. दोघांचं जुळलं नाही, तर पुन्हा तपासणी. या पद्धतीला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. तोंडी शवविच्छेदन म्हणा हवं तर. इथे कुणाला अटक होणार नसते आणि कागद कोर्टात जाणार नसतो, त्यामुळे ‘पाय घसरला’ म्हणायची गरज कमी होते.

२००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंसाठी ११ लाख घरं धुंडाळली गेली. त्यातले पंधरा वर्षांवरचे ९५,३३५ मृत्यू तपासले, तेव्हा २,६८४ आत्महत्या निघाल्या, म्हणजे साधारण तीन टक्के. त्यावरून २०१० सालासाठी देशाचा अंदाज बांधला गेला : १,८७,००० आत्महत्या. त्याच वर्षीचा एनसीआरबीचा आकडा होता १,३४,५९९. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह हे निष्कर्ष २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

पन्नास हजारांहून जास्त माणसांचा फरक. त्यातही पोलिसांच्या आकड्यात पंधरा वर्षांखालची मुलंही धरलेली, तर अभ्यासाचा आकडा फक्त त्यावरच्यांचा. पुरुषांमध्ये अंदाज १,१५,००० चा आणि पोलिसांची नोंद ८७,१८०. म्हणजे चारातला एक हरवलेला. स्त्रियांमध्ये अंदाज ७२,००० चा आणि नोंद ४७,४१९. म्हणजे तिघींतली एक हरवलेली. या अभ्यासात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातल्या होत्या. विशी-पंचविशीतली सून सगळ्यात सहज नोंदीतून निसटते, असं हे आकडे एकत्र वाचल्यावर मला वाटतं. सात वर्षांच्या नियमाचा त्यात वाटा असणार, असा माझा तर्क.

न्यायानं बोलायचं, तर अभ्यासाचा आकडाही अंदाजच आहे. पण तो वेगळ्या तऱ्हेनं चुकतो, आणि यातच त्याची किंमत आहे. एकाच काट्यावर दहादा वजन केलं तरी काट्यातला दोष कळत नाही. शेजारच्या दुकानातला काटा आणावा लागतो.

हा दुसरा काटा विकत घेतला कुणी? घरोघरी जाणारी व्यवस्था आपल्या सरकारची होती. शोधनिबंधात निधी देणाऱ्याच्या जागी मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं नाव आहे. आपली मेलेली माणसं नीट मोजण्यासाठी परक्या करदात्याचा पैसा लागला, हे काही भूषणावह नाही.

आणि त्या अमेरिकेची स्वतःची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९९३ साली तिथल्या एका अभ्यासात दिसलं की घरात बंदूक असली, तर त्या घरात खून होण्याचा धोका कमी होत नाही, उलट २.७ पट होतो. शस्त्रसमर्थक बिथरले. १९९६ साली तिथल्या संसदेनं रोग नियंत्रण केंद्राच्या अर्थसंकल्पात एक वाक्य घातलं : हा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. सोबत २६ लाख डॉलर काढून घेतले. आदल्या वर्षी बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनाला खर्च झाला होता तेवढेच, नेमके. संशोधनावर बंदी कुठेच लिहिलेली नव्हती. पण कुठला अधिकारी आपली खुर्ची पणाला लावून त्या वाक्याचा अर्थ तपासून बघणार? काम जवळजवळ थांबलं. २०१२ च्या अर्थसंकल्पात तेच वाक्य राष्ट्रीय आरोग्य संस्थांनाही लागू झालं, म्हणजे आपला आत्महत्यांचा अभ्यास छापून आला त्याच वर्षी. ज्यांच्या नावानं ते वाक्य ओळखलं जातं, त्या तेव्हाचे खासदार जे डिकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की संशोधन व्हायला हवं. पुन्हा पैसा मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला : अडीच कोटी डॉलर, रोग नियंत्रण केंद्र आणि आरोग्य संस्था यांत निम्मे निम्मे.

आपल्याकडे पैसा कापण्याचीही गरज पडत नाही, रकाने बदलले तरी पुरतं. एनसीआरबीच्या २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या ११,७७२ आत्महत्या होत्या. २०१४ मध्ये शेतकरी ५,६५०. वर्षभरात निम्म्यावर! झालं होतं इतकंच, की शेतकरी आणि शेतमजूर यांचे दोन रकाने केले होते. मजुरांच्या रकान्यात ६,७१० होते. दोन्ही मिळवा : १२,३६०. फोड करणं शास्त्राच्या दृष्टीनं योग्यच होतं, पण जुन्या-नव्याची तुलना ज्याला करायची तो सोयीनं करू शकतो. २०१६ चा अहवाल तर नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर आला. तीन वर्षांपूर्वीचा ताप आज मोजून औषध कुणाला देणार?

पोलिसांची वही पहिली, घरोघरच्या अभ्यासाची दुसरी. महाराष्ट्रात याच मरणाची तिसरी वही आहे, महसूल खात्याची. शेतकऱ्यानं आत्महत्या केली, तर वारसांना एक लाख रुपये मिळतात : तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत ठेव. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. सातबाऱ्यावर कुणाचं नाव, कर्ज कुठलं, थकीत होतं का. मदत द्यायची तर निकष हवेत, हे मान्य. पण अपात्र ठरलेला माणूस मेलेलाच असतो, आणि बातम्यांत फिरणारा ‘शेतकरी आत्महत्यां’चा आकडा कुठल्या वहीतला आहे, हे बहुधा सांगितलंच जात नाही.

इतकं मोजून उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी श्रीलंकेकडे बोट दाखवतो. १९९५ च्या सुमारास तिथला आत्महत्यांचा दर जगातल्या सर्वांत जास्त दरांपैकी होता. कुठली कीटकनाशकं सर्वाधिक जीवघेणी ठरतात, हे रुग्णालयांच्या नोंदींवरून संशोधकांनी शोधलं, आणि सरकारनं ती टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली. पुढच्या वीस वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. पीक बुडालं नाही. ज्या घडीला माणसाचा तोल जातो ती अनेकदा थोडकीच असते. तेवढ्यापुरतं घरात जीवघेणं काही नसलं, तर तो वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढेही जगतात. (अशा घडीला बोलायला माणूस हवं असेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

खोट्या आकड्याबद्दल पोलिसांना जाब कसा विचारायचा, याचा एक नमुना इंग्लंडात सापडतो. तिथे १९८० च्या दशकापासून लोकांच्या घरी जाऊन विचारतात : वर्षभरात तुमच्या बाबतीत कुठला गुन्हा घडला? पोलिसांना कळवलात की नाही, हा प्रश्न वेगळा. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलिसांच्या गुन्हेनोंदीचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयानं तपासलं, तर कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. एनसीआरबीचा दर्जा काढून घेऊ शकेल असं कार्यालय आपल्याकडे कुठलं, याचा मी बराच विचार केला. आठवलं नाही.

आणि आता ही उणीव नडणार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात लिहिलंय की २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, आणि पहिल्या तीन वर्षांत नोंदींवर देखरेखीची नीट यंत्रणा उभी करायची. एनसीआरबीच्या वहीत २०२० चा आकडा १,५३,०५२ आहे आणि २०२२ चा १,७०,९२४. समजा, कलम ३०९ गेल्यामुळे घरचे खरं सांगू लागले आणि ठाण्यातही खरं लिहिलं जाऊ लागलं. मग हा आकडा आणखी चढेल. मरणं वाढली की नोंद सुधारली, हे दुसरी वही असल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि २०३० साली संसदेत या धोरणाचा हिशेब देणाऱ्या मंत्र्यांच्या हातात बहुधा पहिलीच वही असेल.