रोगवाहक डास (ठाणे व नवी मुंबई परिसर)

रक्त पिणाऱ्या संधिपाद प्राण्यांत डास, पिसू, गोचीड, वाळूमाशी, ढेकूण असे बरेच येतात. ढेकूण रात्रभर छळतो, पण त्याच्यामुळे रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. ठाणे-नवी मुंबईत खरी काळजी आहे ती डासांची.

डासांचे नर-मादी दोघेही फुलांतल्या मधुरसावर जगतात. रक्त पिते ती फक्त मादी, अंडी पिकवायला लागणाऱ्या प्रथिनांसाठी. तिच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. एकीतून ती लाळ सोडते, दुसरीतून रक्त ओढते. लाळेमुळे रक्त गोठत नाही, आणि नंतर खाज सुटते तीही लाळेमुळेच. हिवताप, डेंग्यूसारख्या रोगांचे जंतूही याच वाटेने अंगात शिरतात. मात्र रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देऊ शकत नाही. जंतू आधी तिच्या जठरात वाढून लाळग्रंथीपर्यंत पोचावे लागतात, आणि त्याला साधारण आठ ते चौदा दिवस जातात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले, तो याच प्रवासातला टप्पा. तेवढे दिवस जगलेली मादीच धोक्याची, आणि पावसाळ्यातली दमट हवा तिला जगवते.

डासाची जात त्याच्या पाण्यावरून ओळखावी. शहरी हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या पाण्यात वाढतो. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत बांधकाम थांबलेलेच नाही. स्लॅबवर साठवलेले पाणी आणि लिफ्टचे खड्डे त्याला आयते मिळतात. डेंग्यू व चिकुनगुनियाचा एडिस इजिप्ती दिवसा चावतो. जरा हालचाल झाली की ही मादी उडते आणि पोट भरेपर्यंत दुसऱ्याला, तिसऱ्याला चावते. एकाच घरातली तीन-चार माणसे एकदम तापाने पडतात ती बरेचदा यामुळे. गटारांच्या घाण पाण्यातला, हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स रात्री चावतो. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्याही रुग्णाच्या त्वचेजवळच्या रक्तात रात्रीच येतात.

इथे डेंग्यूची साथ आली की लोक खाडीला आणि खारफुटीला दोष देतात. तो अन्याय आहे. एडिसला भरती-ओहोटीचे खारे पाणी नको असते. त्याला कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, पाणीकपातीच्या धास्तीने भरून ठेवलेले पिंप पुरते.

तलाव-विहिरींत गप्पी मासे सोडले की ते अळ्या खातात. घरातल्या भांड्यांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतात, म्हणजे ती रिकामी करून वाळवतात, कारण अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पण पिंप नुसते उपडे करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पिंपाची आतली बाजू काथ्याने घासूनच काढावी लागते.